दोन टन पोलाद गेले कुठे?

रोलिंग मिलच्या फाटकाशी एक वजनकाटा असतो. समजा, त्याच्यावरून शंभर टन बिलेट्स आत गेली. बिलेट म्हणजे पोलादाचा लांब चौकोनी ठोकळा. तो भट्टीत लालभडक तापवायचा आणि रोलांमधून काढून त्याची सळई करायची, एवढे मिलचे काम. संध्याकाळी तयार सळया मोजल्या, कापून टाकलेली टोके मोजली, रोलांत अडकून वाकडे झालेले नग मोजले आणि सगळ्यांची बेरीज केली, तर ती भरते अठ्ठ्याण्णव टन. दोन टन कमी! चोरी झालेली नाही आणि काटाही बरोबर आहे. मग दोन टन पोलाद गेले कुठे?

मिलच्या हिशेबवहीत या दोन टनांसाठी एक रकाना असतो. त्याचे नाव 'बर्निंग लॉस', म्हणजे जळीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हा रकाना रोज भरत असे. त्याबद्दल कोणी काही विचारत नसे. भट्टी आहे म्हणजे थोडे जळणारच, अशी सगळ्यांची समजूत होती. माझीही होती. ती समजूत कशी मोडली, आणि हे जळीत आपल्याला किती कमी करता येते, ते आज सांगायचे आहे.

पोलाद जळते म्हणजे काय, हे पाहायला कारखान्यात जावे लागत नाही. घिसाडी आपल्या पालापुढे विळा किंवा कोयता घडवत असतो, तेव्हा ऐरणीच्या भोवती पडलेला कचरा पाहा. काळे-करडे, नखाएवढे पापुद्रे असतात. घणाचा घाव बसला की ते लोखंडापासून सुटून खाली पडतात. हाच 'स्केल'. तापलेल्या लोखंडाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो बनतो. गंजही लोखंड आणि प्राणवायूच्या संयोगातूनच येतो, पण त्याला पाणी लागते आणि महिने लागतात. भट्टीत मात्र काही मिनिटांत थर धरतो.

या पापुद्र्यात तीन पदर असतात. पोलादाला चिकटून असतो तो फेरस ऑक्साइडचा, आणि तोच सर्वांत जाड. त्याच्यावर मॅग्नेटाइटचा पातळ पदर आणि सर्वांत वर हेमॅटाइटचा, अगदी नावापुरता. ही शेवटची दोन नावे खाणींच्या संबंधात आपण ऐकलेली असतात. गोव्याच्या खाणींतले खनिज मुख्यतः हेमॅटाइटच. म्हणजे गंमत पाहा. खनिज खणायचे, कोळसा जाळून त्यातला प्राणवायू काढायचा, पोलाद करायचे, आणि शेवटच्या टप्प्यावर त्यातल्या शंभरातल्या दोन भागांचे पुन्हा खनिज करून टाकायचे! झोतभट्टीच्या वाटेने एक टन पोलाद करताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पोलाद जळते तेव्हा तो सगळा खटाटोपही वाया जातो.

दोन टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. पण त्यासाठी किती थर जळावा लागतो? शंभर मिलिमीटर बाजूचे बिलेट घ्या. त्याच्या चारही अंगांनी फक्त अर्धा-अर्धा मिलिमीटर पोलाद जळाले, तर बाजू उरते नव्व्याण्णव मिलिमीटर. नव्व्याण्णव गुणिले नव्व्याण्णव म्हणजे ९८०१. मूळचे दहा हजार. गेले दोन टक्के. अर्धा मिलिमीटर म्हणजे चार-पाच कागदांची जाडी. तेवढ्यात शंभर टनांमागे दोन टन जातात. बिलेट दोनशे मिलिमीटरचे असेल तर त्याच थरात एकच टक्का जातो. म्हणून लहान मापाचा माल तापवणाऱ्या छोट्या मिलला जळिताचा चटका जास्त बसतो.

आता माझी समजूत मोडली ती रात्र. मिलचे नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. आमच्याकडे एक जुने भट्टीवाले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. शाळा चौथीपर्यंत, पण ज्वालेचा रंग पाहून भट्टीचे तापमान सांगत, आणि ते मापकाच्या आकड्याशी जुळत असे. रात्रपाळीत मिलचा गिअरबॉक्स बिघडला. मामा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, भट्टी खाली घेऊ का?"

फिटरने मला सांगितले होते, तासाभरात होईल. मी हिशेब केला की भट्टी थंड केली तर पुन्हा तापवायला वेळ जाईल, उत्पादन बुडेल. मी म्हणालो, "नको मामा, आहे तशीच ठेवा. मिल सुरू झाली की लगेच माल पाहिजे." मामा काही बोलले नाहीत. तासाचे दोन झाले, दोनाचे सहा झाले. दर तासाला फिटर म्हणे, आता झालेच. पहाटे मिल सुरू झाली तेव्हा पुढच्या ओळीतली बिलेट्स एकमेकांना चिकटली होती. पहारी घालून ती सोडवावी लागली. अंगावर स्केलचा असा जाड थर, की पहिल्या रोलखाली खपल्यांचा ढीग पडला. काही खपल्या सळईत दाबल्या गेल्या आणि तिच्यावर खड्डे उठले. तो माल गिऱ्हाइकाने परत पाठवला. मामांनी मला एका शब्दानेही टोचले नाही, आणि त्याचेच मला जास्त लागले.

त्यानंतर मी पुस्तके उघडली. लोखंड तापल्यावर प्राणवायू आत शिरतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. १९२९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोखंडाच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा लेप दिला आणि मग ते तापवले. थर चढल्यावर पाहिले तर हिरवा रंग वर नव्हता, पापुद्र्याच्या पोटात गाडला गेला होता. म्हणजे लोखंडच त्या थरातून वाट काढत बाहेर येते आणि प्राणवायूला भेटते. पुढे १९३३ साली कार्ल वॅगनर या जर्मन शास्त्रज्ञाने याचे गणित मांडले.

त्या गणिताचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. थर जसजसा जाड होतो, तसतशी लोखंडाची बाहेर येण्याची वाट लांबते आणि वाढ मंदावते. पहिल्या तासात जेवढा थर चढला, तेवढाच आणखी चढायला पुढचे तीन तास लागतात. वेळेच्या बाबतीत निसर्ग असा थोडा दयाळू आहे.

तापमानाच्या बाबतीत मात्र नाही. १२०० अंश सेल्सिअसचे १२५० केले, तर तेवढ्याच वेळात साधारण पाव पटीने जास्त थर चढतो. उलट तापमान ९०० वर आणले, तर १२०० अंशांच्या मानाने पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाच चढतो. मामा भट्टी खाली घेऊ का म्हणून विचारत होते, ते यासाठी. त्यांना वर्गमूळ ठाऊक नव्हते, पण थराची जाडी ठाऊक होती.

तिसरी गोष्ट हवा. इंधन जाळायला हवा लागते. एक किलो फर्नेस ऑइल जाळायला सुमारे चौदा किलो. इंधन नीट जळावे म्हणून त्यावर दहा-पंधरा टक्के जास्त हवा देतात. त्याहून जास्त दिली तर उरलेला प्राणवायू पोलादावर काम करतो, आणि ती फुकटची हवा तापवण्यात इंधनही जाते. आमच्याकडे ब्लोअर पूर्ण उघडा ठेवण्याची पद्धत होती. ज्वाला स्वच्छ दिसते, धूर होत नाही, म्हणून सगळे खूश असत.

आता तुम्ही म्हणाल, मग हवा अगदी कमीच करावी. तसेही चालत नाही. एक तर इंधन अर्धवट जळते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, तो भट्टीजवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. दुसरे म्हणजे, इंधन पूर्ण जळाल्यावर तयार होणारी पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हेही तापलेल्या लोखंडाला प्राणवायू देऊन टाकतात. १२०० अंशांवर जळीत पूर्ण थांबवायचे, तर भट्टीत कार्बन मोनॉक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तिप्पट ठेवावा लागेल. तेलाच्या साध्या भट्टीत ते शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. म्हणून जळीत शून्यावर येत नाही, कमी करता येते.

हवेचा आणखी एक चोरमार्ग असतो. भट्टीच्या दारांच्या फटी. चिमणीचा डॅम्पर जास्त उघडा असला की भट्टीत ओढ निर्माण होते आणि बाहेरची थंड हवा फटींतून आत शिरते, नेमकी तापलेल्या मालावर. डॅम्पर थोडा आवळून भट्टीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा. दाराच्या फटीतून ज्वालेची जीभ जेमतेम बाहेर डोकावली, तर दाब बरोबर. लांब फरफरली तर जास्त. हेही मला मामांनीच दाखवले.

त्या रात्रीनंतर आम्ही काय केले? पहिली गोष्ट अगदी स्वस्त होती. मिल आणि भट्टी यांच्यामध्ये घंटा आणि टेलिफोन बसवला. मिल थांबली की फोरमनने भट्टीला कळवायचे, आणि किती वेळ लागेल याचा अंदाज खरा सांगायचा. अर्ध्या तासापर्यंतचा खोळंबा असेल तर बर्नर बारीक करायचे. तास-दोन तासांचा असेल तर भट्टी हजार अंशांच्या आसपास आणायची. त्याहून जास्त असेल तर ९०० च्या खाली. मिल सुरू होण्याआधी पुरेसा वेळ भट्टीला सांगायचे, म्हणजे माल तयार मिळतो. हा निर्णय भट्टीवाल्याने घ्यायचा. साहेबाला विचारायचे नाही.

दुसरी गोष्ट, धुराड्यातल्या वायूत किती प्राणवायू उरला ते मोजायचे यंत्र आणले आणि तेलाबरोबर हवाही कमी-जास्त करू लागलो. तिसरी, दारे दुरुस्त केली. चौथी, माल लागतो तेवढाच तापवू लागलो. सळई ११५० अंशांवर नीट निघते, तर १२५० कशासाठी? 'जरा जास्त तापलेला बरा' या सवयीची किंमत त्या रकान्यात लिहिलेली असते. रकान्यातला आकडा हळूहळू उतरू लागला. भट्टीच्या तळाशी दगडासारखा साचणारा स्केल फोडायला पूर्वी वारंवार काम बंद ठेवावे लागे, तेही कमी झाले.

याचा पैशांत हिशेब करू. रोज शंभर टन माल काढणारी मिल वर्षातून तीनशे दिवस चालते असे धरा. जळीत अडीच टक्क्यांवरून दीडवर आणले, तर रोजचा एक टन आणि वर्षाचे तीनशे टन वाचतात. टनाला पन्नास हजार रुपये धरले तर दीड कोटी रुपये होतात. स्केल विकता येतो, सिमेंट कारखाने आणि सिंटर प्रकल्प तो घेतात, पण पोलादाच्या भावाने कोणी घेत नाही.

अलीकडे मोठे उपायही आले आहेत. विजेच्या इंडक्शन भट्टीत बिलेट तासांऐवजी मिनिटांत तापते. वेळ कमी, म्हणून जळीतही कमी. जालन्यासारख्या ठिकाणी आणि देशात इतरत्रही काही कारखाने भंगार वितळवून ओतलेले बिलेट गरम असतानाच थेट रोलांत घालतात. पुन्हा तापवणेच नाही, मग इंधनही वाचते. केंद्र सरकारच्या पोलाद मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने २००४ साली छोट्या रोलिंग मिलमधील ऊर्जाबचतीचा एक मोठा प्रकल्प हाती घेतला, त्यातही भट्ट्यांच्या सुधारणेवर भर होता. जिथे थोडेही जळीत चालत नाही, तिथे नायट्रोजन किंवा निर्वाताच्या भट्ट्या वापरतात.

हे सगळे चांगले आहे, ज्यांना परवडते त्यांनी करावे. पण नवी भट्टी घेतली आणि मिल थांबल्याची बातमी भट्टीपर्यंत वेळेवर पोहोचली नाही, तर नवी भट्टीही तेवढ्याच इमानाने पोलाद जाळते. पोलाद सर्वांत जास्त जळते ते काम चालू असताना नव्हे, वाट पाहताना.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना विचारले, "मामा, त्या रात्री तुम्ही मला अडवले का नाही?" ते हसून म्हणाले, "साहेब, मी विचारले होते की." खरेच, त्यांनी विचारले होते. उत्तर देण्याआधी त्यांचे ज्ञान मी विचारायला हवे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)