न घेतलेली मजुरी आणि बाहेरचा हिशेबतपासनीस

अकोला-अमरावतीकडील जिनिंगचे कारखाने हंगामी. कापूस संपला की मजूर गावी परततो, आणि चार-आठ दिवसांची मजुरी मालकाच्या वहीत पडून राहू शकते. अशी रक्कम तीन वर्षे दिली गेली नाही, तर १९५३ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) कामगार कल्याण निधी अधिनियमान्वये ती कल्याण मंडळाकडे भरावी लागते. १९५८ मध्ये बॉम्बे डाइंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अवैध ठरविली होती. कारण रक्कम भरूनही मालक मजुराच्या ऋणातून मुक्त होत नव्हता. १९६१ च्या दुरुस्तीने ते दायित्व मंडळावर आले.

अशा रकमा शोधण्याचे काम बाहेरच्या हिशेबतपासनिसास देता येईल काय? अमेरिकेतील काही राज्ये ते सापडलेल्या रकमेच्या हिश्श्यावर देतात. आपल्याकडे कारखान्यात शिरून दप्तर पाहण्याचा अधिकार शासननियुक्त निरीक्षकाचा आहे. त्याने साहाय्य घ्यावे. परंतु साहाय्यक म्हणजे निरीक्षक नव्हे. हिश्श्याची वाट तर सनदी लेखापालास १९४९ च्या अधिनियमानेच, नियमांनी दिलेले अपवाद सोडता, बंद आहे : निष्कर्षावर अवलंबून असलेले शुल्क घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. आमच्या मते हे इष्टच आहे. ज्याची कमाई सापडण्यावर, त्यास चुकती झालेली मजुरीही थकलेली दिसू लागावयाची!

एक गोष्ट मात्र तपासनिसाकडून अवश्य घ्यावी : नाववार, गाववार यादी. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून चार वर्षांत मजुराने मागणी करावयाची असते, आणि नुसत्या बेरजेत त्याचे नाव सापडत नाही.