भरती-ओहोटी आणि रेतीची वाटचाल

भूगोलाच्या पाठात भरती-ओहोटी येते तेव्हा आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांपुढे एक अडचण उभी राहते. भंडाऱ्याकडील मुलाने समुद्र बहुधा पाहिलेला नसतो. वैनगंगेचे पात्र मात्र त्याच्या परिचयाचे असते. आणि समुद्रतळावरील वाळूचे दांडे ज्या नियमांनी सरकतात, तेच नियम तुमसर-पवनीकडील रेतीसही लागू आहेत. म्हणून हा पाठ नदीपासूनच आरंभावा.

पाणी संथ असता रेती स्वस्थ पडून राहते. प्रवाहाचा वेग सेकंदास सुमारे २० ते ३० सेंटिमीटर झाला म्हणजे मध्यम जाडीचे कण हलू लागतात. मोठे कण तळावरून घरंगळतात, लहान कण उड्या मारीत पुढे जातात, आणि बारीक माती पाण्यातच तरंगत दूर जाते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वेग दुप्पट झाला तर रेतीची वाहतूक केवळ दुप्पट होत नाही. ती ढोबळमानाने आठपट, कधी त्याहूनही अधिक होते. त्यामुळे वर्षभरात सरकणाऱ्या रेतीचा बहुतेक भाग पुराच्या थोड्या दिवसांतच सरकतो. २०२० च्या ऑगस्टअखेरचा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

सरकणारी रेती सपाट राहत नाही. तिचे उंचवटे बनतात. ज्या बाजूने पाणी येते ती बाजू लांब व सौम्य, तर पलीकडील बाजू आखूड व उभी, सुमारे ३० अंश उताराची असते. कण सौम्य चढ चढतो, माथ्यावरून पलीकडे कोसळतो आणि मागून येणाऱ्या कणांखाली गाडला जातो. असे होता होता सबंध उंचवटाच पुढे चालू लागतो. उन्हाळ्यात पात्रातील ओलसर रेतीवरील लाटांसारख्या ओळी दाखवून, पाणी कोणीकडे वाहत होते हे मुलांस ओळखावयास सांगावे. (कोरड्या रेतीवर वाराही अशाच ओळी उठवितो, तेथे फसगत होते.)

समुद्रात प्रवाह उलटतो, हाच काय तो भेद. सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. मग वाळू जेथल्या तेथेच राहावयास हवी, असा प्रश्न चौकस मुलगा विचारील, व तो योग्यच आहे. परंतु कित्येक खाड्यांत भरतीचे पाणी थोड्या वेळात जोराने शिरते व ओहोटीचे सावकाश परतते. पाणी आले तेवढेच गेले, तरी वरील आठपटीच्या नियमाने वाळू आतच अधिक जाते. जेथे ओहोटी जोरकस, तेथे याच्या उलट. लांबट दांड्याच्या एका अंगास भरतीचा व दुसऱ्या अंगास ओहोटीचा जोर असला, तर वाळू त्या दांड्याभोवती प्रदक्षिणा घालीत राहते आणि दांडा टिकून राहतो. इंग्लंड व हॉलंड यांमधील उत्तर समुद्रात असे दांडे पुष्कळ आहेत. आपल्याकडे खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर १० मीटरांवरही जाते. तेथील प्रवाहांचा जोर यावरून कल्पावा.

प्रयोगास पसरट ट्रे, थोडी रेती व चार बोटे पाणी पुरे. तळहात पाण्यात उभा धरून रेतीच्या किंचित वरून एका दिशेस झपाट्याने न्यावा व अगदी सावकाश परत आणावा. असे वीसपंचवीस वेळा केले असता रेती एका टोकास साचू लागते.

नदीकाठच्या शाळांनी आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. रेतीच्या दांड्यावरून प्रवाहाच्या दिशेने चालणाऱ्या मुलास पाणी बराच वेळ घोट्याएवढेच लागते, आणि माथा संपताच उभी बाजू येते. तेथील रेती सैल असल्याने पायाखालून घसरते व परत वर चढता येत नाही. रेती उपसल्याने पडलेले खड्डे याहून घातक. त्यांचे काठ ढासळत असतात आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. गतवर्षी जेथे उथळ होते तेथे यंदा डोह असू शकतो. सहलीपूर्वी शिक्षकाने गावातील ढिवर बांधवांकडून पात्राची चालू स्थिती विचारून घ्यावी, व मुलांस कोरड्या भागापलीकडे जाऊ देऊ नये.