स्तन-क्ष-किरण चित्रण

स्तन-क्ष-किरण चित्रण : (मॅमोग्राफी). कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या साहाय्याने स्तनातील ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांची) प्रतिमा मिळविण्याची पद्धती. गाठ हाताला लागण्यापूर्वीच कर्करोग ओळखणे, हा तिचा मुख्य उपयोग होय. बर्लिन येथील शस्त्रक्रियाविशारद आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. या कामासाठी खास बनविलेली यंत्रे १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आली.

तपासणीत स्तन दोन पट्टांमध्ये दाबून प्रत्येकाची वरून व तिरकस अशी दोन चित्रे घेतात. दाबामुळे जाडी घटते, ऊतकांच्या छाया एकमेकींवर पडत नाहीत आणि किरणमात्राही कमी लागते.

फिल्म व अंकीय पद्धती : जुन्या पद्धतीत क्ष-किरण वर्धक पडद्यावर पडून उत्पन्न होणाऱ्या प्रकाशाने फिल्मवर प्रतिमा उमटते. किरण टिपणे, प्रतिमा दाखविणे व जतन करणे ही तिन्ही कामे फिल्मच करते. म्हणून एकदा धुतलेल्या फिल्मची उजळता बदलता येत नाही. सूक्ष्म तपशील तीत उत्तम दिसतो. परंतु ग्रंथिमय, दाट स्तनात ऊतक व अर्बुद दोन्ही पांढरी दिसत असल्याने गाठ झाकली जाते. अंकीय पद्धतीत अस्फटिकी सिलिनियम किंवा सिझियम आयोडाइड यांसारख्या पदार्थांचा अभिज्ञातक किरणांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करतो व संगणकावर प्रतिमेची उजळता हवी तशी बदलता येते. तपशील काहीसा कमी असला, तरी छायांमधील भेद अधिक स्पष्ट होतो.

अमेरिका व कॅनडा येथील ३३ केंद्रांत ४९,५२८ स्त्रियांची दोन्ही पद्धतींनी तपासणी करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकंदर अचूकता सारखीच आढळली; मात्र ५० वर्षांखालील, दाट स्तनांच्या आणि रजोनिवृत्ती न झालेल्या वा होऊ घातलेल्या स्त्रियांत अंकीय पद्धती सरस ठरली. किरणमात्राही तीत सरासरीने सुमारे एक पंचमांशाने कमी होती. मृत्यूंचे प्रमाण किती घटते, हे पाहणे हा त्या अभ्यासाचा हेतू नव्हता.

महाराष्ट्रातील अनुभव : भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने कमी वयात आढळतो, त्यामुळे वरील फरक येथे महत्त्वाचा आहे. तथापि यंत्रे व चित्रांचा अर्थ लावणारे तज्ञ सर्वत्र उपलब्ध होणे कठीण असल्याने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने वेगळा मार्ग तपासला. १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याखालील वयात तशी घट आढळली नाही. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही (२०१६) ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सुचविली आहे.

खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी म्हणून प्रश्न केवळ फिल्म की अंकीय एवढाच राहत नाही. आरोग्यसेविकेला संशय आल्यावर चित्रण, ऊतकपरीक्षा व उपचार यांसाठी सुमारे २५ किमी.वरील छत्रपती संभाजीनगरला स्त्री वेळेवर पोहोचली, तरच कोणतीही चाळणी-तपासणी सार्थ ठरते. [⟶ कर्करोग].