कारण न सापडणारी पोटदुखी : तीव्र पॉर्फिरियाविषयी माहिती

असह्य पोटदुखी होते, उलट्या होतात, छाती धडधडते. सोनोग्राफीत मात्र काहीच आढळत नाही. आपणास किंवा घरातील कोणास, विशेषतः तरुण स्त्रीस, असे दुखणे वारंवार होत असल्यास तीव्र पॉर्फिरिया या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी व डॉक्टरांना तसे विचारावे.

रक्ताला लाल रंग देणारे हीम यकृतातही तयार होते. ते घडविणारे एखादे विकर अपुरे असल्यास अर्धवट घडलेली द्रव्ये साचतात आणि मज्जातंतूंना इजा करतात. म्हणून पोटदुखीमागोमाग हातापायांत अशक्तपणा, भ्रम किंवा झटकेही येऊ शकतात. अशा वेळी घरी न थांबता रुग्णालय गाठावे.

निदान मुख्यतः लघवीवरून होते. वेदना सुरू असतानाच नमुना घेऊन, उजेडापासून झाकून, पॉर्फोबिलिनोजेनच्या तपासणीसाठी पाठवावा. उजेडात ठेवलेली लघवी लालसर होते. पण रंग बदलला नाही म्हणून विकार नाही, असे समजू नये.

उपाशी राहणे हे झटका येण्याचे मोठे कारण आहे. निर्जळी एकादशी, नवरात्रातील कडक उपवास, वजन घटविण्यासाठी सोडलेले जेवण, ही सर्व या रुग्णांस घातक ठरू शकतात. वर्षानुवर्षांचे व्रत मोडणे मनाला जड जाते, हे खरे. नामस्मरण वा पारायण करून ते पाळता येईल. मद्य व धूम्रपान टाळावे. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, सल्फा औषधे, रिफाम्पिसिन, काही गर्भनिरोधक गोळ्या यांनीही झटका येतो. मात्र चालू औषध स्वतःहून थांबवू नये. निदानाची नोंद असलेले कार्ड जवळ बाळगावे व शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांस दाखवावे.

आई किंवा वडिलांत दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते, तरी बहुतेकांस कधीच त्रास होत नाही. जे. पी. नगरसारख्या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे नातलग बहुधा गावी असतात. आत्या, मावशी, काका यांना ‘न सापडलेले’ पोटदुखणे होते का, हे फोन करून विचारावे आणि येथील डॉक्टरांना सांगावे.

झटक्यात शिरेतून ग्लुकोज व हेमिन देतात. राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरण, २०२१ मध्ये या विकारासाठी हेमिनचा समावेश आहे. धोरणांतर्गत साहाय्यासाठी बंगळुरूतील सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स किंवा मुंबईतील के.ई.एम. रुग्णालय या उत्कृष्टता केंद्रांत चौकशी करावी.