थंडीताप अंगावर काढू नका



गळीत हंगाम ऐन भरात आला की थंडी वाढते आणि घरोघर खोकला सुरू होतो. तोडीची पाळी आलेली, गाड्या बांधाला उभ्या, अशा वेळी ताप आला तर आपण काय करतो? डोक्याला फडके बांधतो आणि फडात जातो. नेमके इथेच चुकते, म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

पडसे वेगळे, फ्लू वेगळा. पडशात माणूस हिंडता-फिरता राहतो. फ्लू एकाएकी येतो. सकाळी धडधाकट असलेला गडी संध्याकाळी अंग ठणकून अंथरूण धरतो. १९१८ सालच्या याच रोगाच्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. त्या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला.

हा रोग खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून आणि हातावाटे पसरतो. ताप येण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस रोगी दुसऱ्याला लागण देऊ शकतो. कोपीत दाटीने झोपणे, एकाच तांब्याला तोंड लावणे, यातून एकाचा ताप साऱ्या टोळीला लागतो.

तेव्हा एवढे पाळावे :

१) फडातून आल्यावर व जेवणाआधी साबणाने हात चोळून धुवावेत. तेच हात डोळ्या-नाकाला लावू नयेत.

२) खोकताना तोंडावर उपरण्याचा वा पदराचा शेव धरावा. कुठेही थुंकू नये.

३) आजाऱ्याचे अंथरूण व भांडे वेगळे ठेवावे. खिडकी उघडी असावी.

४) म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायांना, लहान मुलांना आणि दमा वा मधुमेह असलेल्यांना आजाऱ्यापासून दूर ठेवावे. त्यांनी डॉक्टरांना विचारून दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

आता घरगुती उपायांचे. आले-तुळस-गुळाचा काढा, हळदीचे दूध, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या हे सारे चांगले आहे. घशाला आराम पडतो, पोटात पातळ पदार्थ जातात. पण काढ्याने फ्लूचा विषाणू मरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. उकळत्या पातेल्याजवळ पोरांना वाफ द्यायला बसवू नये, भाजण्याचा धोका असतो. दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत. अँटिबायोटिक फ्लूवर चालत नाही, आणि तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देणे धोक्याचे आहे.

धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर पडले, माणूस बरळू लागला, बाळ पिईनासे झाले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर काढा करीत बसू नका. तडक दवाखाना गाठा. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत घेतले तर अधिक गुण देते.

टोळीतल्या मजुराला ताप असेल तर त्यालाही विश्रांती द्या. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता आहे. उभा ऊस चार दिवस थांबतो. दम कोंडलेला माणूस थांबत नाही. हंगाम दरवर्षी येतो, घरचे माणूस गेले तर पुन्हा येत नाही. एवढे ध्यानात ठेवावे, ही नम्र विनंती.