धुक्याचा मोसम, सहलीचा बेत आणि तिकिटाचे पैसे

उत्तरेत धुके पडले की त्याची खबर रावेरला वर्तमानपत्राच्या आधी केळीच्या मालावरून लागते. ट्रक वाटेत रेंगाळतो, माल बाजाराची वेळ चुकवतो आणि दिल्लीचा दलाल फोनवर भाव पाडून बोलतो. २०२१ मध्ये रावेर व सावद्याहून दिल्लीच्या आदर्श नगरकडे केळीच्या किसान रेल्वे गेल्या, तेव्हाही थंडीच्या दिवसांत गाडी केव्हा पोहोचेल याचा घोर होताच. मालाच्या बाबतीत हे सारे ज्यांना पाठ आहे, तेच आपले व्यापारी बांधव नाताळच्या सुटीत बायकामुलांना घेऊन दिल्ली-आग्र्याचे आरक्षण करताना मात्र उन्हाळ्यातला प्रवास असावा तसा हिशेब धरतात. सोमवारी सकाळी गाडीतून उतरायचे आणि दहा वाजता दुकान उघडायचे!

धुके असे का पडते, हे थोडक्यात पाहू. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेकडून येणारे थंड वाऱ्यांचे झोत हिमालयाच्या बाजूला पाऊस आणि बर्फ देऊन जातात. मागे ओल राहते, आकाश निरभ्र होते, वारा थांबतो आणि रात्री जमीन झपाट्याने निवते. पंजाबपासून बिहारपर्यंतच्या सपाट मुलखात मग पांढरी चादर पसरते. हवामान खात्याच्या भाषेत २०० मीटरच्या आत दिसत असेल तर दाट धुके आणि ५० मीटरच्या आत असेल तर अतिदाट धुके. आपल्या मार्गाने बोलायचे तर खंडवा, इटारसी, भोपाळपर्यंत गाडी बहुधा ठीक जाते. खरा पट्टा ग्वाल्हेरच्या पुढे लागतो.

तिथे ड्रायव्हरला सिग्नलच दिसत नाही. पूर्वी अशा वेळी वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर असे. इंजिनात पुढचा सिग्नल किती दूर आहे ते सांगणारे यंत्र बसू लागल्यापासून ती ७५ झाली. सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके बांधण्याची जुनी पद्धत आहे, त्याच्या आवाजावरून ड्रायव्हर सावध होतो. एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जे डबे दिल्लीला उशिरा पोहोचतात, पुष्कळदा तेच डबे परतीची गाडी म्हणून निघतात. म्हणजे उशीर जाताना होतो आणि येताना आणखी वाढतो. परतीच्या आदल्या दिवशी आपली गाडी किती वाजता सुटणार एवढेच न विचारता, तिचे डबे घेऊन येणारी गाडी सध्या कुठे आहे, हे १३९ वर विचारावे. अर्धे उत्तर तिथेच मिळते.

आता पैशांकडे येऊ. सगळा मामला एका प्रश्नावर आहे: बेत कोणी मोडला, आपण की रेल्वेने?

समजा, पाच माणसांची स्लीपरची तिकिटे आहेत, प्रत्येकी ६०० प्रमाणे ३००० रुपयांची. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या नियमांत पक्के तिकीट गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी रद्द केले तर स्लीपरला माणशी १२० रुपये, म्हणजे या हिशेबात ६०० रुपये कापले जात. ४८ ते १२ तासांच्या दरम्यान चौथा हिस्सा, म्हणजे ७५०. १२ ते ४ तासांच्या दरम्यान निम्मे, म्हणजे १५००. त्यानंतर सगळेच गेले. रेल्वे हे तास आणि दर बदलत असते, म्हणून आपल्या गाडीला कोणता तक्ता लागतो ते खिडकीवर विचारूनच घ्यावे. पण उशीर कराल तसा तोटा वाढेल, ही चाल कायम आहे.

हीच गाडी रेल्वेने स्वतः रद्द केली तर पूर्ण भाडे परत मिळते. मोबाईलवर काढलेल्या तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवरच्या छापील तिकिटासाठी मात्र तिकीट घेऊन तीन दिवसांच्या आत खिडकीवर जावे लागते. दर हिवाळ्यात डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी उत्तरेकडच्या काही गाड्या धुक्यामुळे रद्द असल्याची यादी रेल्वे आधीच जाहीर करते. घाबरून आपणच तिकीट रद्द करण्यापूर्वी ती यादी पाहावी. घाईने ६०० रुपये सोडलेले असतात आणि दोन दिवसांनी कळते की गाडीच रद्द झाली.

दुसरी सवलत तीन तासांची आहे. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडे परत मिळते. अट अशी की गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी खिडकीवर तिकीट जमा करावे, किंवा मोबाईलच्या तिकिटाचा टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा. इथे आपल्या लोकांचा हमखास गैरसमज होतो. हा उशीर आपण जिथून गाडीत बसतो त्या स्टेशनावरचा मोजतात. मुंबईहून आलेली गाडी भुसावळला वेळेवर आली आणि दिल्लीला सात तास उशिरा पोहोचली, तर एक पैसाही मिळत नाही. म्हणून ही सवलत खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती परतीच्या प्रवासात.

भुसावळला किंवा दिल्लीला गाडी बदलून पुढे जाणाऱ्यांसाठी एप्रिल २०१९ पासून दोन आरक्षित तिकिटे एकमेकांना जोडण्याची सोय झाली. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे भाडे परत मागता येते. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील तोच हवा आणि गाडी बदलण्याचे स्टेशनही तेच हवे. रावेरहून साध्या पॅसेंजरचे तिकीट काढून भुसावळला जाणाऱ्याला हे लागू नाही, त्याने दोन तास आधी निघावे हे बरे.

विमानाचे थोडक्यात सांगायचे तर, धुक्यामुळे विमान रद्द झाले की कंपनीने दुसरे विमान किंवा पैसे परत द्यायचे असतात. हवामानाचे कारण असले की वर नुकसानभरपाई नाही. काश्मीरला जाणाऱ्यांनी २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या ‘चिल्ले कलान’मध्ये दोन दिवस आणि तेवढा खर्च हाताशी राखल्याशिवाय निघू नये. जम्मू-श्रीनगर रस्ता बर्फाने आणि दरडींनी बंद पडतो.

सुटी तीच ठेवून दिशा बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दक्षिणेला धुक्याचा असा त्रास नाही. विजापूरचा गोल घुमट, गुलबर्ग्याला बंदा नवाज यांचा दर्गा, हैदराबाद. मुलांनाही पाहण्यासारखे पुष्कळ. आग्र्याला जानेवारीत सकाळी ताज पाहायला जावे तर कधी कधी धुकेच पाहून यावे लागते, आणि शुक्रवारी तो बंदच असतो. ज्या मुमताजसाठी ताज बांधला ती १६३१ मध्ये वारली आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात. रावेरहून सकाळी निघून असीरगडासह ते सारे पाहून माणूस रात्री घरी येतो. तिकीट रद्द करण्याचा प्रश्नच नाही.

अजमेरला जायचेच असेल तर दिल्लीवरून वळसा घेण्यापेक्षा रतलाम किंवा अहमदाबादच्या बाजूने जावे. २०२५ या एकाच वर्षात ख्वाजासाहेबांचा उर्स दोनदा आला, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीला, म्हणजे दोन्ही वेळा ऐन धुक्यात. रजब दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, तेव्हा उर्स आता धुक्यातून हळूहळू बाहेर पडेल. पण रमजान ईद त्याच हिशेबाने आत येते आहे. २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात असेल. ज्यांच्या लेकी-सुना उत्तरेकडच्या आहेत, त्यांना ईदच्या येण्याजाण्याचे आरक्षण तेव्हा याच नियमांनी करावे लागेल. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते, म्हणजे त्या ईदचे तिकीट डिसेंबरच्या थंडीतच काढायचे आहे.