चातुर्मासातील कढीपत्ता

कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात फोडणीचा भार हिंग, जिरे आणि कढीपत्ता यांच्यावरच असतो. त्यामुळे परसात, गच्चीत किंवा निदान खिडकीतल्या कुंडीत कढीपत्ता लावण्याची हौस अनेक घरांत दिसते. उष्ण प्रदेशातील हे सदाहरित झुडूप लिंबू, संत्रे व बेल यांच्याच कुळातले आहे.

बाजारातल्या जुडीतील देठ मातीत खोचून रोप होईल, ही आशा मात्र फोल ठरते. तो देठ फांदी नसून एकाच संयुक्त पानाचा कणा असतो. त्याला मुळे फुटत नाहीत. पिकून काळी झालेली फळे घ्यावीत, गर काढून बी लगेच पेरावे. सुकवून ठेवलेल्या बीची उगवणशक्ती लवकर संपते. ताजे बी साधारण तीन-चार आठवड्यांत अंकुरते. याहून सोपा उपाय म्हणजे जुन्या झाडाच्या मुळांवर आलेले फुटवे पावसाळ्यात मुळांसकट वेगळे करून लावणे. वाण निवडून घ्यायचे असेल, तर धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे सुगंधी ‘सुवासिनी’ चांगले.

कुंडी बारा-चौदा इंची आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी असावी. चुनखडीच्या काळ्या मातीत झाडाला लोह मिळेनासे होते. मग शिरा हिरव्या आणि पान पिवळे दिसू लागते. अशा वेळी शेणखत घालावे. ताकाचे भांडे विसळलेले पाणी घालण्याची आजीबाईंची रीतही अगदीच निराधार नाही. थंडीत वाढ मंदावते, काही पाने गळतात. तेव्हा घाबरून पाणी वाढवणे हेच रोप मरण्याचे मोठे कारण ठरते. पाने ओरबाडू नयेत, कोवळा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फुटवे येऊन झुडूप दाट होते.

खरा प्रश्न पावसाळ्यात उभा राहतो. झाडाला नवी पालवी येते आणि तिच्यावर कॉमन मॉर्मन हे काळे फुलपाखरू एकेक अंडे घालून जाते. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबडे शिंगाडे बाहेर काढते. दोन-तीन आठवड्यांत ती कोशात जाते. तोवर दोन अळ्या लहानसे रोप सहज बोडके करतात.

फवारणीचा विचार येथेच मनात येतो. कडुनिंबाचे तेल ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक समजले जाते. परंतु ते अळीचे खाणे आणि कात टाकणे थांबवते, म्हणजे तिला मारतेच. जीवदया मानणाऱ्या घराला ही पळवाट उपयोगाची नाही. बाजारची पाने घेणे हाही सुटकेचा मार्ग नव्हे. भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्यावर कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी युरोपीय संघाने वाढीव तपासणी लावली होती, ती उगाच नव्हे.

चातुर्मासात कित्येक जैन घरांत हिरवा पाला वर्ज्य असतो. नेमक्या त्याच महिन्यांत अळ्यांचीही वर्दळ असते. त्या काळात घराला पान लागतच नसेल, तर मोठे झुडूप त्यांच्यासाठी मोकळे सोडण्यात काही गमवावे लागत नाही. खाल्लेल्या फांद्यांना पुन्हा पालवी येते. लहान रोप मात्र अंडी पडण्याआधीच मच्छरदाणीच्या कापडाने झाकावे. अळी दिसलीच, तर ती बसलेले पान कात्रीने कापून मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर अलगद ठेवावे. तिला बोटांनी उचलू नये, ओढताना इजा होते. कार्तिकानंतर पाने खुडण्यापूर्वी मात्र फांदी उलटसुलट करून पाहावी. पानाआड कोश लटकलेला असू शकतो.

विदर्भात संत्र्याच्या बागेजवळ मात्र कढीपत्ता लावू नये. संत्र्याला ‘ग्रीनिंग’ रोग देणारा सायला हा कीटक त्याच्यावर पोसला जातो. अमेरिकेतील लेकीसुनांसाठी पिशवीत ताजी पाने घालून नेण्यास तिकडे मनाई आहे, तीही याच कारणाने.